दुसरा सांगणारा

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या माझ्या घरमालकांनी आयुष्यात एकदाही स्कॅनर कानाला लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं की लोक माझ्यावरच उखडतात, "मग तो माणूस करत काय होता?" म्हणून.

स्कॅनर म्हणजे हातात मावणारा एक रेडिओ. त्यावर गाणी लागत नाहीत. तो एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळत जातो आणि कुठे कोणी वॉकीटॉकीवर बोलत असलं की तिथे थांबून ते ऐकवतो. या देशात बरेच लोक आहेत, बहुतेक पुरुष, बहुतेक रिटायर्ड, जे शनिवारी सकाळी सँडविच बांधून घेतात, रेल्वेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहतात आणि आतली माणसं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकतात. यात काय गंमत आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण माझे वडील पन्नास वर्षांपूर्वीच्या क्रिकेटचे स्कोअर तासन्‌तास वाचत बसायचे, तेव्हा मी कोणाला नावं ठेवणार? तर या लोकांना कुठे कुठला नंबर लावायचा ते माहीत असावं लागतं. ते सांगणारी इंटरनेटवरची सगळ्यात विश्वासाची यादी रांगेत एकाला एक चिकटलेल्या एका टेरेस्ड घराच्या मागच्या खोलीत, माझ्या खोलीच्या बरोबर खाली, एक मराठी गृहस्थ ठेवत होते. त्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले. त्यांना मी काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू.

"तुम्ही स्वतः का ऐकत नाही?" असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

"बेकायदा आहे," काका म्हणाले. "जे बोलणं आपल्यासाठी नाही ते मुद्दाम ऐकायचं नाही, असा इथला कायदा आहे. मी वाचलाय. तू वाचलायस?"

"पण सगळे ऐकतात की."

"सगळे मोटरवेवर सत्तरची मर्यादा सोडून नव्वदनेही जातात."

"आणि यादी ठेवणं?"

"यादी ठेवणं म्हणजे ऐकणं नव्हे. रेडिओच्या लायसन्सचं सरकारी रजिस्टर कोणालाही बघता येतं. बाकीचं लोक सांगतात. सांगितलेलं मी लिहून ठेवतो. आपण या देशात कागदावर आलो, बाई. कागदाशी वाकडं घ्यायचं नाही."

काकांचा हा कायदा कितपत पक्का होता ते मला ठाऊक नाही. मी सॉफ्टवेअर तपासते, वकील नाही. काकूंचं मत निराळं होतं. "यांना घरात बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही, आणि अख्ख्या इंग्लंडात कुठे काय ऐकू येतं ते हे जगाला सांगणार," असं म्हणून त्या माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढायच्या.

यादी बघायला अगदी भिकार होती. करडी पाटी, त्यावर रकाने, एक फोटो नाही. मोठ्या रेल्वेचं बोलणं केव्हाच बंदिस्त झालेलं. ड्रायव्हर आणि सिग्नलवाले बोलतात ते आता कोड लावून जातं आणि साध्या स्कॅनरवर नुसती खरखर येते. काकांनी 'मेन लाइन' हे शीर्षक तरीही ठेवलं होतं आणि त्याखाली एकच ओळ होती, सांगण्यासारखं काही नाही. उरल्या स्टेशनांवरच्या स्टाफच्या वॉकीटॉक्या, साउथहॅम्प्टनच्या बंदरातलं कंटेनरचं यार्ड, आणि हौशी लोकांनी चालवलेल्या वाफेच्या इंजिनांच्या लहान लहान लाइनी. या लाइनी सारख्या नंबर बदलतात. नवे सेट घेतात, जुने विकून टाकतात, कोणाला सांगत नाहीत. त्यामुळे यादी पडून राहिली की शिळी होते, आणि 'शिळी' हा शब्द काका जेवढ्या तिरस्काराने उच्चारायचे तेवढ्या तिरस्काराने मी कोणाला शिवी देतानाही ऐकलं नाही. दर रविवारी कम्युनिटी हॉलमधली बुद्धवंदना आटोपून आले की ते कोटसुद्धा न काढता लॅपटॉप उघडायचे. लंडनजवळ पिनरला राहणारी त्यांची नात एकदा म्हणाली, "आजोबा, तुमचा लिस्ट कधी फिनिश होणार?" तर म्हणाले, "यादी संपवायची नसते, राखायची असते." आधी त्यांनी 'तुमचा' नाही, 'तुमची', हे सांगितलं.

शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'सांगणारे'. इंग्रजीत 'टोल्ड बाय'. दुसऱ्या कुठल्याही यादीत हा रकाना नाही. एकाने सांगितलेला नंबर यादीत चढायचाच नाही, तो वहीत राहायचा. दुसऱ्याने तोच नंबर सांगितला, आणि तो दुसरा पहिल्याला ओळखत नसला, तरच नंबर यादीत. काका तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. तिथे रक्ताच्या नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव दोघांनी वेगवेगळं वाचायचं अशी त्यांनी शिस्त लावली होती. एका अक्षराचा फरक पडला तरी नळी फेकायची, मग वॉर्डातून डॉक्टर कितीही ओरडू दे. ती सवय ते घरी घेऊन आले. आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यावर चिठ्ठी असायची : 'विरजण बुधवारी. सांगणारी : काकू.' कुकरवर लिहिलेलं होतं, 'तूरडाळ तीन शिट्ट्या (काकू), चार (मी)'. चार वर्षांत तो वाद मिटला नाही, कारण दोघं एकमेकांना ओळखत होते.

आणि त्यांचं ते "कोणी सांगितलं?" काहीही बोला, पहिला प्रश्न तो.

"काका, गाड्या लेट आहेत आज."

"कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? मी स्टेशनवरूनच येतेय."

"म्हणजे एक," असं म्हणून ते आत जायचे आणि फोनवर बघायचे. माझं प्रमोशन झालं ते सांगायला मी धावत घरी आले, तेव्हाही "म्हणजे एक." दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा मेल दाखवला तेव्हा कुठे स्वारी बर्फी आणायला बाहेर पडली. मला संताप यायचा. पण खरं सांगते, ऑफिसात कोणी "हे फीचर चालतंय" म्हणून छातीठोक सांगितलं की माझ्याही तोंडात "कोणी सांगितलं?" यायला लागलं होतं, आणि माझं काम त्याने सुधारलं.

ज्यांनी नंबर सांगितले त्या प्रत्येकाला काका आभाराचं पत्र पाठवायचे. ईमेलच, पण पत्रासारखं, वर तारीख, खाली पूर्ण नाव. ही हौशी मंडळी स्वतःचं खरं नाव कधी देत नाहीत. एकाने स्वतःचं नाव 'वेट लीव्ह्ज' असं ठेवलेलं होतं. इथे शरद ऋतूत रुळांवर ओली पानं पडतात आणि गाड्यांचा बोऱ्या वाजतो, ती पानं. काका गंभीरपणे लिहायचे, "डिअर मिस्टर वेट लीव्ह्ज." मी खांद्यावरून वाचून हसले की म्हणायचे, "हसायचं काय? त्याला पत्र मिळतं, त्याचं उत्तर येतं. म्हणजे नाव बरोबर आहे."

एकदा मी त्यांच्याबरोबर साउथहॅम्प्टनला गेले. यार्डातला एक रूळ अजून वापरात आहे की उखडलाय याबद्दल दोन सांगणाऱ्यांचं जुळत नव्हतं. ऐकायला बंदी, पण बघायला बंदी नाही, म्हणून आम्ही रीडिंगहून ट्रेनने गेलो आणि एका पुलावर उभे राहिलो. बंदराचा वारा असा होता की माझे दात वाजत होते. काका रूळ मोजत होते, बोटाने, हवेत. शेजारी एक उंच माणूस उभा होता, कानात वायर, हातात स्कॅनर. काकांची वही बघून त्याला वाटलं आपल्यातलाच. त्याने कानातली वायर काढून पुढे केली आणि म्हणाला, ऐकायचंय का, आत्ता छान चाललंय.

काका दोन पावलं मागे सरले. "नो, थँक यू," म्हणाले. मग पेन काढून म्हणाले, "पण तुम्हाला काय ऐकू येतंय ते कृपा करून मला सांगा."

तो माणूस बावचळला, पण सांगायला लागला. काका लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही मिस्टर वेट लीव्ह्ज यांना ओळखता?"

"कोण?"

"व्हेरी गुड," काका म्हणाले, आणि वेट लीव्ह्जने सांगितलेल्या नंबरासमोर टिक केली. परतताना ते इतके खूश होते की डब्यातला माझ्या वाट्याचा धपाटाही त्यांनी खाऊन टाकला.

हे सगळं गमतीचं. मीही बरेच दिवस ते पार्ट्यांमध्ये नकला करून सांगायची. मग एका दुपारी मी काकूंबरोबर मेथी निवडत बसले होते. मी वैतागून म्हणाले, "काकू, सारखं काय 'म्हणजे एक, म्हणजे एक'? माणसाने माणसावर विश्वास ठेवायचाच नाही का?"

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. काकांचे वडील भुसावळच्या रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होते. एके दिवशी एक वॅगन रुळांवरून उतरली. मुकादम म्हणाला, हा माणूस झोपला होता. तेवढंच. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. आजूबाजूला चार जण होते, त्यांना कोणी बोलावलंच नाही, कारण वस्तीतल्या माणसाबद्दल मुकादम एक बोलला की पुरे होतं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. पुढे ते एका गिरणीत दळण दळायचे. "यांचं वय दहा," काकू म्हणाल्या. "हे सांगतात, वडील झोपले नव्हते. पण यांनी सांगून काय होतंय, मुलगाच तो. एकाच्या सांगण्यावर माणूस बुडतो, हे यांनी पाहिलंय ना. म्हणून मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस."

त्यानंतर मी नकला करायचं बंद केलं.

आता ती गोष्ट, जी मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही.

पश्चिमेला, वेल्सच्या बाजूला, एक लहानशी वाफेच्या इंजिनाची लाइन आहे. नाव सांगत नाही. सगळे स्वयंसेवक, बहुतेक पेन्शनर. ईस्टरनंतर त्यांनी आपला रेडिओचा नंबर बदलला. काकांना लगोलग दोन सांगणारे मिळाले, दोघं अनोळखी, आणि चौथ्या दिवशी नवा नंबर यादीत चढला. दुसऱ्या कुठल्याही यादीत तो नव्हता. मी कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवत होते तेव्हा काका स्लिपर्स घालून दारात आले आणि म्हणाले, "चार दिवस. फक्त चार दिवसांत." एवढे खूश.

पुढच्या सोमवारी त्यांना एक मेल आला. त्या लाइनीवर सिग्नलचं काम बघणाऱ्या एका बाईंचा. त्यांनी लिहिलं होतं की कोणीतरी इसम आमच्या रेडिओवर घुसून वाटेल ते बोलतो, आमच्याच माणसांच्या आवाजाची नक्कल करतो. त्याला टाळायला आम्ही नंबर बदलला होता. तुमच्या यादीत नवा नंबर आला आणि तो माणूसही नव्या नंबरावर आला. आमचे लोक डबे जोडताना रेडिओवरच्या सूचनेवर इंजिन हलवतात. कोणाला तरी इजा होईल. कृपया तो नंबर काढा.

काकांनी सभ्य उत्तर पाठवलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, नोंद घेतली आहे, आपल्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून हीच माहिती मिळताच योग्य ती कारवाई करीन. बाईंनी उलट एका ओळीत विचारलं, आमच्याशी संबंध नसलेल्या माणसाला हे कळणार कसं?

तो कागद छापून घेऊन काका जिना चढून वर आले. माझ्या खोलीशी ते चार वर्षांत दोनदा आले असतील. दारात उभे राहून त्यांनी दोन्ही मेल मला वाचून दाखवले आणि म्हणाले, "तुला काय वाटतं? काढू का?"

आता त्या आठवड्यात माझं आणि त्यांचं बिनसलेलं होतं. माझी आई पुण्यात बाथरूममध्ये पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. भावाचा फोन आला तेव्हा मी तशीच खाली आले आणि म्हणाले, आई पडली. काका टेबलाशी बसले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोणी सांगितलं?" मी म्हणाले, दादाने. तर पुढे "म्हणजे..." आणि तिथे ते थांबले. काकूंनी असं बघितलं त्यांच्याकडे. ते उठले, केटल लावली, दोनदा सॉरी म्हणाले. ऑफिसच्या कामामुळे मला लगेच निघता येत नव्हतं, त्याचाही राग त्यांच्यावर निघत होता. पाच दिवस मी फक्त काकूंशी बोलत होते.

आणि हे असे कागद घेऊन दारात. कानात हेडसेट, समोर मीटिंग चालू, मी म्यूट केलं आणि गोड आवाजात म्हणाले, "सांगणारे किती झाले काका?"

"एक."

"म्हणजे एक. मग विचारताय काय? नियम आहे ना तुमचा. थांबा की दुसऱ्यासाठी."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग "बरं" म्हणाले आणि खाली गेले. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश वाजत होती. मी मीटिंगमध्ये परत गेले. मला बरं वाटलं होतं, हेही सांगते. चांगलं ऐकवलं असं वाटलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मिस्टर वेट लीव्ह्ज यांचा मेल आला. काका वाचत होते आणि काकूंनी मला हाक मारली, कारण यांना काय झालंय ते बघ म्हणाल्या. मी मेल वाचला. वेट लीव्ह्ज त्या लाइनीच्या कुंपणाबाहेर उभा होता, स्कॅनर घेऊन. एक म्हातारा स्वयंसेवक दोन डब्यांच्या मधे शिरून साखळी अडकवत होता. रेडिओवर आवाज आला, थोडं मागे घे. ड्रायव्हरने मागे घेतलं. वेट लीव्ह्जने लिहिलं होतं, तो आवाज त्यांच्यातला नव्हता, मी त्यांचे सगळे आवाज ओळखतो. म्हाताऱ्याचा हात सापडला.

काकांनी ती ओळ यादीतून काढली. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि म्हणाले, "एवढंच होतं करायचं."

काकूंनी आणि मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. नालायक तो रेडिओवर बोलणारा, तुम्ही नाही. नंबर त्याने कुठूनही मिळवला असता. काका म्हणाले, "कुठूनही म्हणजे कुठून? यादी फक्त माझ्याकडे होती. ताजी." ते त्या हात सापडलेल्या म्हाताऱ्याला भेटायचं म्हणाले. काकू घाबरल्या. पोलिस, कोर्ट, म्हातारपणी हे काय, असं म्हणाल्या. तुम्ही स्वतः जाऊन कबूल केलंत तर उद्या तुमच्यावर केस होईल. काकांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "झाली तर होऊ दे. मी वाचीन तो कायदा." सिग्नलच्या बाईंना त्यांनी लिहिलं आणि त्यांनी त्या म्हाताऱ्याला विचारून निरोप पाठवला, या म्हणून. काकांना गाडी चालवता येत नव्हती. मी नेलं.

त्याचं घर लाइनीच्या शेवटच्या स्टेशनापासून जवळच होतं. बंगली, पुढे गुलाबाची झाडं. तो पूर्वी बस चालवायचा. मोठा, लालबुंद माणूस, डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. दोन बोटं काढावी लागली होती. त्याच्या बायकोने आम्हाला बसवलं, स्कोन्स म्हणजे गोडसर पाव आणले, आणि त्याच्या स्कोनला तिनेच लोणी लावून दिलं. तो ते बघत होता. लहान पोरासारखं कोणीतरी आपलं खाणं तयार करतंय हे त्याला अजून पचलेलं नव्हतं.

काकांनी चहाला हात लावला नाही. इंग्रजीत, सगळी वाक्यं आधी जुळवून आणल्यासारखी, ते म्हणाले, "मी ती यादी ठेवतो. तुमच्या बाईंनी मला दोन आठवडे आधी सांगितलं होतं की कोणाला तरी इजा होईल. मी नंबर काढला नाही."

"का?" त्याने विचारलं.

"सांगणारी एकच होती. मी दुसऱ्या माणसाची वाट बघत होतो."

त्या माणसाने स्कोन बशीत ठेवला. मग त्याने बँडेजचा हात थोडा वर उचलला, स्वतःच बघितला आणि म्हणाला, "मग दुसरा मी."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. काकांनी मान हलवली. "हो," म्हणाले. "दुसरे तुम्ही." मग त्यांनी माफी मागितली, आणि त्या माणसाने ठीक आहे असं न म्हणता विचारलं की तुम्ही इतक्या लांबून आलात, आणखी चहा घेणार का. त्याची बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. निघताना तिने आमच्याशी हस्तांदोलन केलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

केस वगैरे झाली नाही. रेडिओवर बोलणारा कोण ते माझ्या माहितीप्रमाणे अजून सापडलेलं नाही. यादी अजून आहे, पण निम्म्याहून लहान झालीय. जिथे माणसं डबे जोडतात, इंजिन हलवतात, त्या सगळ्या लाइनी काकांनी त्याच आठवड्यात काढल्या. पुष्कळ जणांनी रागावून मेल पाठवले. काकांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. नियमही बदलला : घालायला दोन सांगणारे लागतात, काढायला एक पुरे, आणि त्याने नाव नाही सांगितलं तरी चालतं. ते दोघं आता घर विकून पिनरला लेकीजवळ गेलेत. मी दिवाळीला जाते. माझी आई काठी घेऊन चालते असं मी सांगितलं की काका म्हणतात, "छान." तेवढंच म्हणतात.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या परतीच्या वाटेवरचं. एम फोर मोटरवेवर ट्रॅफिक होता. काकांनी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला आणि मला राहवेना. मी म्हणाले, "काका, तुम्ही मला विचारायला आला होतात. मी आईवरून तुमच्यावर चिडले होते. ते थांबा वगैरे मी मनापासून नव्हते म्हणाले. टोमणा मारत होते." हे बोलताना मला रडू आलं आणि समोरच्या गाडीचे दिवे नीट दिसेनात.

"सावकाश चालव," काका म्हणाले. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"टोमणा होता ते. तेव्हाच कळलं होतं."

"मग माझं ऐकलंत कशाला?"

त्यांनी सीटबेल्ट सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

"मला तेच ऐकायचं होतं," ते म्हणाले.